सुईचा नको, वर्षाचा भाव विचारा
प्रोस्टेट कर्करोगावरचं डेगारेलिक्स : ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या घरांसाठी खर्चाचा हिशेब

मामांची पाठदुखी आम्ही सहा महिने गादीच्या माथी मारली. गादी बदलली, तेल झालं, शेक झाला. मग कल्याणच्या एका डॉक्टरांनी पीएसए ही रक्ततपासणी करायला सांगितलं आणि पुढच्या तीन आठवड्यांत बायोप्सी, स्कॅन सगळं होऊन निदान हातात आलं. प्रोस्टेटचा कर्करोग, मणक्यापर्यंत पोचलेला. त्या संध्याकाळी डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘डेगारेलिक्स’ लिहिलं. मामी खाली केमिस्टच्या काउंटरवर गेली आणि तिनं विचारलं, “हे इंजेक्शन कितीला पडतं?” त्यानं आकडा सांगितला. मामीचा हात आपोआप हातातल्या पाटल्यांवर गेला.

तो प्रश्न प्रत्येक घरातून असाच विचारला जातो आणि हिशेब तिथेच चुकायला लागतो. एका सुईची किंमत कळून काहीच ठरत नाही. पहिल्या दिवशी किती सुया, मग किती दिवसांनी, किती महिने की आयुष्यभर, टोचायला कुठे जायचं, सोबत कोण येणार, आणि मुळात हेच औषध हवं की दुसऱ्यानं भागेल, एवढं कळल्यावर खर्च समजतो. मामांच्या वेळी हे आम्ही एकेक ठेच लागून शिकलो. तुम्हाला ते आधीच माहीत असावं म्हणून हा लेख.

आधी औषध काय करतं ते बघू, कारण खर्चाचा निर्णय त्यावरच उभा आहे. प्रोस्टेटच्या बहुतेक कर्करोगांना वाढायला टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक लागतं. ते तोडलं की गाठ आक्रसते, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१मध्ये दाखवलं आणि १९६६मध्ये त्यांना नोबेल मिळालं. टेस्टोस्टेरॉन बनवण्याचा हुकूम मेंदूतून निघतो. तो दहा अमिनो आम्लांची एक छोटी माळ घेऊन येते आणि ती मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीवरच्या ठरावीक जागी, म्हणजे रिसेप्टरवर, जाऊन बसते. या माळेची रचना १९७१मध्ये उलगडली. त्या कामाबद्दल अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलेमिन यांना १९७७चं नोबेल मिळालं.

आता सकाळी साडेसातच्या डोंबिवली लोकलचं दार डोळ्यांसमोर आणा. एखादा धिप्पाड माणूस दारात आडवा उभा राहिला की फलाटावरचा एकही माणूस आत शिरत नाही. डेगारेलिक्स हा तो दारातला माणूस. तीही दहा अमिनो आम्लांचीच माळ आहे, पण प्रयोगशाळेत बनवलेली. तिचे सात मणी निसर्गात न सापडणारे आहेत, त्यामुळे शरीर तिला चटकन तोडू शकत नाही. ती रिसेप्टरवर बसते, स्वतः काही हुकूम देत नाही आणि खऱ्या माळेला बसू देत नाही. जुनी इंजेक्शनं, म्हणजे ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन, उलट वागतात. ती दाराशी एवढी गर्दी करतात की शेवटी दारच निकामी होतं. पण ते होईपर्यंतचे पहिले एक ते तीन आठवडे गर्दी आत शिरतच असते. म्हणजे टेस्टोस्टेरॉन आधी वाढतं, मग पडतं. या सुरुवातीच्या उसळीला डॉक्टर ‘फ्लेअर’ म्हणतात.

बहुतेक रुग्णांना बायकॅल्युटमाइडच्या गोळ्या आधीपासून देऊन ही उसळी सांभाळता येते. पण गाठ मणक्यात असेल आणि मज्जारज्जूवर दाब येण्याची भीती असेल, किंवा लघवी अडायला आली असेल, तर ते दोन-तीन आठवडे धोक्याचे असतात. अशा वेळी डेगारेलिक्सचा खरा उपयोग. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६१० रुग्णांच्या चाचणीत डेगारेलिक्स घेतलेल्या ९६ टक्के पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन तिसऱ्या दिवशीच हव्या त्या पातळीखाली गेलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेनं त्याला परवानगी दिली.

त्याच चाचणीतली दुसरी गोष्ट विक्रीच्या पत्रकात ठळक छापलेली नसते. वर्षअखेरीस डेगारेलिक्स आणि ल्युप्रोलाइड, दोन्ही गटांतलं टेस्टोस्टेरॉन दाबून ठेवण्याचं प्रमाण जवळपास सारखंच होतं. फरक होता तो वेगाचा, आणि तो पहिल्या महिन्यातला. ब्रिटनमध्ये सरकारी पैशातून औषध द्यायचं की नाही हे ठरवणाऱ्या नाइस या संस्थेनं २०१६मध्ये डेगारेलिक्सला होकार दिला, तो मणक्यात पसरलेल्या रुग्णांसाठी. सगळ्यांसाठी सरसकट नाही. हृदयविकार असलेल्यांना हेच चांगलं, असंही काही ठिकाणी ऐकायला मिळेल. ते तपासायला केलेली ५४५ रुग्णांची चाचणी २०२१मध्ये प्रसिद्ध झाली. ती वेळेआधी थांबवावी लागली आणि वर्षभरात दोन औषधांत फरक दिसला नाही. म्हणून हृदयाच्या नावाखाली जास्तीचा खर्च करण्याआधी डॉक्टरांशी नीट बोला.

खर्चाच्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचा प्रश्न माझ्या मते हा : “डॉक्टर, पहिल्या महिन्याला डेगारेलिक्स देऊन पुढे तीन महिन्यांच्या ल्युप्रोलाइडवर जाता येईल का?” अशी अदलाबदल प्रत्यक्षात केली जाते. वेग हवा होता तेव्हा महागडं औषध, पुढे स्वस्त आणि कमी फेऱ्यांचं. मामांच्या बाबतीत तिसऱ्या महिन्यानंतर हेच ठरलं. हा प्रश्न आम्ही पहिल्याच दिवशी विचारला असता तर मामीनं मोडीची चौकशी करायला सराफाकडे फेरी घातली नसती.

कुप्या मोजा, मग भाव

आता आकडेमोड. डेगारेलिक्सचा पहिला डोस २४० मिलिग्रॅमचा. तो १२० मिलिग्रॅमच्या दोन सुयांत, पोटावर, कातडीखाली देतात. त्यानंतर दर २८ दिवसांनी ८० मिलिग्रॅमची एक सुई. दर महिन्याला एक म्हणजे वर्षाला बारा, असं आपण धरतो. पण २८ दिवसांच्या हिशेबानं वर्षात तेरा भेटी होतात. पहिल्या भेटीच्या दोन कुप्या आणि पुढच्या बारा, मिळून चौदा. ल्युप्रोलाइडचं तीन महिन्यांचं इंजेक्शन वर्षाला साधारण चार वेळा. महिन्याचं घेतलं तर तेही बारा-तेरा वेळा.

मुदत कर्करोगाच्या टप्प्यावर अवलंबून असते. रेडिएशनच्या जोडीला असेल तर मध्यम जोखमीच्या रुग्णाला साधारण सहा महिने, जास्त जोखमीच्या रुग्णाला दीड ते तीन वर्षं. रोग पसरलेला असेल तर सहसा कायमच. म्हणून केसपेपरवर डॉक्टरांकडून मुदत लिहून घ्या. “बघू पुढे” या उत्तरावर घरचं बजेट बसवता येत नाही.

केवळ आकडेमोडीसाठी धरा की एका कुपीवर १०,००० रुपये छापलेत. खरा आकडा तुमच्या हातातल्या खोक्यावर असेल, आणि मूळ कंपनीच्या व इतर कंपनीच्या औषधात तो वेगळा असू शकतो. एका दुकानात छापील किमतीत, दुसऱ्यात १५ टक्के सूट. कुपीमागे फरक दीड हजार. चौदा कुप्यांवर २१,०००. एवढ्या फरकासाठी दोन-चार फोन करायला हरकत नाही. ठाणे स्टेशनजवळची मोठी दुकानं, कल्याणचे घाऊक विक्रेते, मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटचा औषधबाजार, सगळीकडे विचारा. इस्पितळाच्या आतल्या फार्मसीतूनच घ्या, असा आग्रह कुणी धरला तर त्याचं कारण विचारा आणि बाहेरून आणलेलं औषध टोचाल का, हे आधीच पक्कं करा. काही ठिकाणी नकार मिळतो. तो टेबलावर झोपल्यावर कळण्यापेक्षा आधी फोनवर कळलेला बरा.

सूट कितीही मिळो, पण पक्कं बिल हवं. त्यावर बॅच नंबर, एक्स्पायरी, रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव. कल्याणच्याच एका दुकानात आम्हाला बिलाशिवाय आणखी कमी भाव सांगितला होता. मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण बिलाशिवाय विमा नाही, आयकरात वजावट नाही, आणि औषध बनावट निघालं तर दाद मागायला कागद नाही. अशी ऑफर आली तर अन्न व औषध प्रशासनाचा १८०० २२२ ३६५ हा क्रमांक लक्षात ठेवा.

भावाबद्दल दोन सरकारी गोष्टी उपयोगाच्या आहेत. ल्युप्रोलाइड सप्टेंबर २०२२च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आलं, त्यामुळे यादीतल्या प्रकारांवर किमतीची सरकारी मर्यादा लागू होते. बायकॅल्युटमाइडही यादीत आहे. डेगारेलिक्स त्या यादीत नाही. तरीही यादीबाहेरच्या औषधाची छापील किंमत कंपनीला बारा महिन्यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. म्हणून पहिलं रिकामं खोकं फेकू नका. त्यावरची किंमत पुढच्या वर्षी ताडून बघता येते. दुसरी गोष्ट जीएसटीची. २२ सप्टेंबर २०२५पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. करासकट ११२ रुपयांना असलेली वस्तू १०५ला मिळायला हवी. भाव ताडून बघायला औषध किंमत प्राधिकरणाचं ‘फार्मा सही दाम’ हे अ‍ॅप आहे आणि तक्रारीसाठी १८०० १११ २५५.

फेऱ्यांचा खर्च कुणी धरत नाही

मामा राहतात कल्याण पश्चिमेला, मी डोंबिवली पूर्वेला, मामांचा मुलगा नोकरीला अंधेरीत. पहिल्या दोन भेटींना त्यानं रजा टाकली. मग हिशेब केला तेव्हा लक्षात आलं की रिक्षा, डॉक्टरांची फी, सुई टोचण्याचा आकार यांपेक्षा त्याची बुडालेली रजाच जास्त महाग आहे. तुम्हीही मांडून बघा. समजा एका भेटीला वरचा खर्च १,५०० रुपये होतो. तेरा भेटींचे १९,५००, चार भेटींचे ६,०००. त्यावर तेरा रजा की चार रजा, हे वेगळंच.

टोचण्याचे पैसे ठिकाणागणिक बदलतात. कुणी फक्त ओपीडीची फी घेतं, कुणी डे-केअरमध्ये नाव घालून पलंगाचं भाडं लावतं. चार-पाच तासांचं भाडं देण्याइतका हा उपचार मोठा नाही. सलाइन लागत नाही, भूल लागत नाही. मात्र टोचणारा हात सवयीचा हवा, हे मी अनुभवानं सांगते. कुपीत पांढरी भुकटी असते, सोबत निर्जंतुक पाणी. पाणी घातल्यावर कुपी हलवायची नसते, हळुवार गोल फिरवायची असते. भुकटी पूर्ण विरघळायला कधी कधी पंधरा मिनिटंही लागतात. मामांच्या दुसऱ्या सुईला एका छोट्या नर्सिंग होममधल्या परिचारिकेनं घाईत सरबतासारखी कुपी खळखळ हलवली आणि आत फेसच फेस झाला. आम्ही तिघं त्या फेसाकडे बघत बसलो होतो. हजारो रुपयांची कुपी, आणि बुडबुडे बसायची वाट बघायची. शेवटी फेस बसला, औषध दिलं गेलं, पण तो अर्धा तास मी विसरत नाही. तेव्हापासून खोक्यातलं माहितीपत्रक मी स्वतः उघडून परिचारिकेच्या हातात देते आणि सांगते, “सिस्टर, हे जरा आधी वाचून घ्या.” आजवर कुणाला राग आलेला नाही.

सुईच्या जागी औषधाचा जेलसारखा साठा तयार होतो आणि त्यातून ते महिनाभर पाझरतं. त्यामुळे जागा लाल होणं, दुखणं, गाठ लागणं नेहमीचं आहे, विशेषतः पहिल्या वेळी. ती चोळायची नाही. आणि सुई पट्ट्याच्या किंवा पायजम्याच्या नाडीच्या रेषेवर येऊ द्यायची नाही. मामांना पहिली सुई नेमकी नाडीखाली बसली आणि आठवडाभर ते लुंगीवर होते. इस्पितळात जाताना ढिला पायजमा घाला आणि नाडी कुठे बांधता ते बोटानं दाखवा. ताप आला किंवा जागा गरम होऊन लाली पसरत गेली, तर मात्र डॉक्टरांना लगेच कळवा.

आणखी एक. मणक्यात रोग असलेल्या माणसाच्या पायांतली ताकद अचानक कमी झाली, मुंग्या वाढल्या, लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर पुढच्या सुईच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या इस्पितळात न्या. तिथे हिशेब करत बसायचं नाही.

औषधाभोवतीच्या तपासण्यांचाही खर्च धरा. पीएसए साधारण तीन महिन्यांनी, अधूनमधून टेस्टोस्टेरॉन. ते ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आहे का, हे बघितल्याशिवाय आपण पैसे कशाचे देतोय ते कळत नाही. या उपचारानं हाडं ठिसूळ होतात, साखर आणि वजन वाढू शकतं, अंगातून गरम वाफा येतात. म्हणून सुरुवातीला हाडांची डेक्सा तपासणी, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, साखर. हे सगळं सुईच्या मानानं किरकोळ आहे, पण टाळलं आणि खुब्याचं हाड मोडलं तर त्या शस्त्रक्रियेचा खर्च वर्षभराच्या सुयांना गाठतो.

सुईशिवायचे रस्ते

हगिन्स यांनी दाखवलेला मूळ उपाय आजही आहे : दोन्ही वृषणं काढण्याची छोटी शस्त्रक्रिया. खर्च एकदाच, फेऱ्या नाहीत, टेस्टोस्टेरॉन काही तासांत खाली. उपचार कायमचा लागणार असेल आणि हातात पैसे नसतील, तर हा सन्मानाचा आणि वैद्यकीयदृष्ट्या खणखणीत पर्याय आहे. घरात तो शब्द उच्चारायलाच संकोच वाटतो, म्हणून डॉक्टरही कधी बोलत नाहीत आणि कुटुंब सुयांसाठी कर्ज काढत राहतं. निर्णय रुग्णाचाच असायला हवा, पण तो घ्यायला हा पर्याय त्यांच्या कानावर पडायला तर हवा. मामांनी नाही म्हटलं, आणि ते शांतपणे विचार करून म्हटलं. आम्हाला त्यातच समाधान होतं. रोजच्या गोळीचं रेल्युगोलिक्सही आहे. तेही दारातच उभं राहतं, पण ते पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची माळ, नाही, त्यामुळे तोंडानं घेता येतं. गोळी रोज न चुकता घेणाऱ्यालाच ते जमेल. भाव विचारताना त्याचाही महिन्याचा आकडा घ्या.

पैसे कुठून येतील

वय ७० पूर्ण असेल तर पहिलं काम आयुष्मान वय वंदना कार्डाचं. २९ ऑक्टोबर २०२४पासून ही सोय सुरू झाली. उत्पन्नाची अट नाही, आधारवरचं वय पुरेसं, वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण. खासगी विमा असला तरी चालतो. सत्तरीखालच्यांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. शिधापत्रिका कोणत्याही रंगाची असो, १ जुलै २०२४पासून तिचंही संरक्षण दीड लाखावरून ५ लाखांवर गेलं आहे. चौकशीचा क्रमांक १५५३८८, किंवा १८०० २३३ २२००, आयुष्मानसाठी १४५५५.

पण कार्ड हातात आलं की सगळं फुकट, असं समजू नका. योजना पॅकेजवर चालते. तुमचं इस्पितळ यादीत आहे का, कर्करोगाच्या पॅकेजांसाठी आहे का, आणि त्या पॅकेजमध्ये नेमकं कोणतं इंजेक्शन बसतं, हे तीन प्रश्न इस्पितळातल्या आरोग्यमित्राला विचारा. त्याचं टेबल बहुधा दाराजवळच असतं. ल्युप्रोलाइड बसतं आणि डेगारेलिक्स बसत नाही, असं निघालं तर पुन्हा डॉक्टरांकडे जाऊन अदलाबदलीचा प्रश्न विचारायचा.

डोंबिवली एमआयडीसीत आयुष्य काढलेल्या कामगारांनो, ईएसआयची आठवण ठेवा. पाच वर्षं विमाधारक राहून निवृत्त झालेल्याला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि पत्नीसाठी वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो. वर्षाला एकशेवीस. ही सोय असूनही कित्येक घरांत ती कुणी वापरलेली नसते. रेल्वेतून निवृत्त झालेल्यांना कल्याणचं रेल्वे रुग्णालय आणि पुढे भायखळ्याचं आहेच. पुढचं औषध स्थानिक खरेदीतून मिळवायला तज्ज्ञांचं पत्र लागतं, ते पहिल्याच भेटीत मागून घ्या.

खासगी विम्यात एक खाच आहे. ही सुई ओपीडीत दिली तर कंपनी दावा फेटाळू शकते. डे-केअरमध्ये दिली तर कदाचित मान्य करेल. पॉलिसीची ओळ वाचा, टीपीएला, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेला, ईमेल करा, उत्तर लेखी घ्या. वर म्हटलेलं पलंगाचं भाडं मग कामाला येतं. विमा पास करत असेल तर डे-केअर घ्या, खिशातून भरायचं असेल तर ओपीडी.

धर्मादाय इस्पितळांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर मोफत, ३ लाख ६० हजारांपर्यंत सवलत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो निघायला वेळ लागतो, म्हणून निदान झालं त्याच आठवड्यात अर्ज टाका. मुख्यमंत्री सहाय्यता निधीलाही तोच दाखला उपयोगी पडतो.

परळचं टाटा रुग्णालय, किंवा त्याच संस्थेचं खारघरचं ॲक्ट्रेक, इथे निदान एकदा मत घ्या असं मी आग्रहानं सांगेन. राष्ट्रीय कर्करोग जाळ्यामार्फत औषधांची एकत्रित खरेदी होते, त्यामुळे भावात मोठा फरक पडतो. योजना टाटात आखून घ्यायची आणि पुढची सुई घराजवळ टोचून घ्यायची, असंही करता येतं. खारघरला जायला ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल. परळला सीएसएमटीकडची धिमी, किंवा दादरला उतरून टॅक्सी. अपंगांच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांना बसता येतं. केसपेपरची झेरॉक्स जवळ ठेवा, म्हणजे कुणाशी वाद घालावा लागणार नाही.

आयकरात जुनी पद्धत निवडली असेल तर आजवर ज्याला आपण ८० डीडीबी म्हणत आलो, ती वजावट ज्येष्ठ नागरिकाच्या कर्करोग उपचारासाठी १ लाखापर्यंत मिळते. तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी आणि बिलं लागतात. पुन्हा तेच, पक्कं बिल.

‘फक्त संशोधनासाठी’ लिहिलेली कुपी

हे लिहायलाच हवं, कारण मामांच्या आजारात एका ओळखीच्यानं मला मोबाइलवर फोटो पाठवला होता. रबरी बूच लावलेली बोटभर कुपी, आत पांढरी भुकटी, नाव इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांचं, आणि “हे पण रिसेप्टर ब्लॉक करतं, दहावा हिस्सा किंमत.” रिसेप्टर अडवणारी अशी अनेक कृत्रिम पेप्टाइडं कर्करोग आणि दाहाच्या संशोधनात वापरतात. पेशींच्या थाळीवर, उंदरांवर. त्यातली थोडीच औषधं बनून बाहेर येतात. अंगावर अचानक सूज येण्याच्या एका आनुवंशिक आजारावरचं इकॅटिबँट हे तसंच एक. ठाण्यातल्या आयव्हीएफ केंद्रांत वापरतात ते सेट्रोरेलिक्स तर डेगारेलिक्सचं जवळचंच भावंड आहे.

पण संशोधनासाठीची कुपी आणि औषधाची कुपी यांत फक्त किमतीचा फरक नसतो. तिच्यावर ९५ किंवा ९८ टक्के शुद्ध असं लिहिलेलं असतं. उरलेले दोन-पाच टक्के काय आहेत ते कुणी सांगत नाही. ती निर्जंतुक असेल याची हमी नाही, जिवाणूंच्या विषाची तपासणी नाही, माणसाला किती द्यायची याला आधार नाही, आणि माणसावर वापरायला परवाना तर नाहीच. परदेशातलं मान्यताप्राप्त औषध स्वतःच्या उपचारासाठी मागवायला सरकारचा सरळ मार्ग आहे : डॉक्टरांच्या चिठ्ठीसह फॉर्म १२-ए भरायचा आणि १२-बी हा परवाना घ्यायचा. कुरिअरनं आलेल्या निनावी भुकटीला तो मार्ग नाही. स्वस्त पडेल या आशेनं आजारी माणसाच्या पोटात ती टोचू नका, ही माझी हात जोडून विनंती.

शेवटची गोष्ट तारखांची. अठ्ठावीस दिवस म्हणजे बरोबर चार आठवडे, त्यामुळे पहिली सुई ज्या वारी, पुढच्या सगळ्या त्याच वारी. पहिली तातडीची असते, ती मिळेल त्या दिवशी घ्या. दुसरीच्या वेळी डॉक्टरांना विचारून वार एकदा सोयीचा करून घेता येतो का ते बघा. आम्ही मामांना शनिवारवर आणलं. रविवारी मेगाब्लॉक असतो. केमिस्टला बुधवारी फोन करायचा, कारण ही कुपी प्रत्येक दुकानात शिल्लक नसते आणि मागवायला एक-दोन दिवस जातात. शुक्रवारी कुपी घरी आली की मामी खोक्यावरचं साठवणीचं तापमान वाचायची, पक्कं बिल फायलीत लावायची, आणि देवघराशेजारच्या कॅलेंडरवर पुढचा शनिवार लाल पेनानं गोल करून ठेवायची.